फळीवरचे बुडखे

दुकानात त्याला सगळे कागद्या म्हणत. काउंटर होता सुकवलेल्या मांसाचा आणि चीजचा, आणि मशीनच्या गोल पात्यावर तो सलामीचा असा काप काढायचा की त्यातून पलीकडच्या गिऱ्हाइकाचं नाक दिसावं. हे कसब त्याला मावशीने शिकवलं होतं. मावशी म्हणजे काउंटरवरची सगळ्यात जुनी बाई. नात्याने कुणाचीच नाही, पण हक्काने रागावायची सगळ्यांवर.

काउंटरचा एक अलिखित नियम होता. तुकडा संपत आला की बोटं पात्याजवळ जातात, म्हणून शेवटचा अंगठ्याएवढा भाग कापायचा नाही, तसाच सोडायचा. त्याला म्हणायचं बुडखा. बुडखे विकले जात नाहीत, ते संध्याकाळी काउंटरवाल्यांनी वाटून घरी न्यायचे. मालकाचीही हरकत नव्हती. अंगठ्याएवढ्यात कुणाचं काय जातंय?

पण अंगठा केवढा, हे कागद्याने आपलं आपण ठरवायला सुरुवात केली.

निमित्त झालं साडूच्या घरचं. मेहुणीने लाकडी फळीवर तऱ्हेतऱ्हेचं मांस, चीज, द्राक्षं, अक्रोड, मधाची वाटी असं काही देखणं मांडलं होतं की परतताना बायको रस्ताभर गप्प. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "दिवसभर तुम्ही हेच कापता, आणि फळी बघायला आपण दुसऱ्याच्या घरी जायचं." टोमणा बरोबर वर्मी बसला. दुसऱ्या दिवसापासून कागद्या मशीन जरा लवकर थांबवू लागला. अंगठ्याचा बुडखा मुठीएवढा झाला आणि थेट त्याच्या पिशवीत जाऊ लागला. साडू आला, फळी पाहून गार झाला, बायको पुढे कितीतरी दिवस फुलून होती. तिथे थांबला असता तर हे सांगायची वेळच आली नसती. पण फुकटचं जरा जास्तच गोड लागतं, आणि हाताला सवय लागली की तो डोक्याला विचारत नाही.

दुकानात माल कमी भरू लागला. मॅनेजरने शोध घ्यायचे कष्ट केले नाहीत. त्याने मावशीचं वय पाहिलं, मावशीचा चष्मा पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशी, हात थरथरतो तुमचा. पात्याची भीती वाटते, म्हणून मशीन लवकर थांबवता." चोर सोडून संन्याशाला फाशी. तिला मागच्या खोलीत खोकी चिकटवायला बसवलं. कागद्या शेजारीच उभा होता, हातात हॅमचा गोळा घेऊन. त्याने तो मुकाट मशीनवर चढवला.

मावशी भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "असेल बाबा. वय झालं." एरवी गिऱ्हाइकालाही न जुमानणारी बाई, आणि हे खोटं मात्र तिने निमूटपणे स्वतःचं म्हणून घेतलं. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना.

बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मावशीला हलवल्याचं कळताच ती हळहळली. "तुम्हाला हाताला धरून शिकवलंय त्यांनी. रविवारी त्यांना आणि त्यांच्या यजमानांना, दोघांनाही बोलवा. छान फळी मांडू." नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

रविवारी दुपारी तिने फ्रिजमधून पिशवी काढली. त्याने पुटपुटून पाहिलं, "बाहेरून ताजं आणू का?"

"घरात एवढं असताना? पैसे वर आलेत का?"

मग तो सुरी घेऊन बसला. मावशी बुडखा ओळखणार, आकारावरून ओळखणार, म्हणून त्याने प्रत्येकाचे बारीक बारीक तुकडे केले.

"अहो, भुगा कशाला करताय?" बायको म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं. त्याने तुकड्यांवर द्राक्षांचे घोस टाकले, कडेने ऑलिव्ह आणि बिस्किटं रचली. धुरावलेल्या मांसाचा एक बुडखा तर एवढा मोठा होता की त्याला कापायचाही धीर झाला नाही. तो त्याने दुधाच्या पिशवीमागे लपवला.

मावशी आणि काका वेळेवर आले. काका बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मावशीने फळीचं तोंडभर कौतुक केलं. बायकोने कौतुकानेच कडक चीजचा तुकडा आणि सुरी तिच्यापुढे सरकवली. "हे तुम्ही कापा मावशी. तुमच्यासारखं कोण कापणार?"

मावशीने हात मागे घेतला. "नको गं. मी नाही धरत आता सुरी."

"घरी भाजीसुद्धा मीच चिरतो," काका हसत म्हणाले. "माझा कांदा बघितलात तर कांद्यालाच रडू येईल. पण ही ऐकत नाही. म्हणते, हाताचा भरवसा नाही."

कागद्याने त्या हातांकडे पाहिलं. मांडीवर एकमेकांवर ठेवलेले, अगदी स्थिर. थरथर कुठेच नव्हती. नुसती जागा गेली असती तर त्याने मनाची कशीतरी समजूत घातली असती. पण त्याने या बाईच्या हातातली तिच्या स्वयंपाकघरातलीही सुरी काढून घेतली होती. त्याला स्वतःची किळस आली.

तो उठला. दुधाच्या पिशवीमागचा बुडखा आणला आणि फळीच्या मधोमध, मावशीसमोर ठेवला.

तिने तो उचलून तळहातावर तोलला. कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "हा मी सोडलेला नाही."

"नाही."

"काप तुझा आहे."

"हो मावशी. सगळेच माझे. मीच मशीन लवकर थांबवत होतो, घरी आणायला. तुमचा हात कधी थरथरलाच नाही."

बायकोच्या हातातली बशी तशीच राहिली. तिने फळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मान खाली घातली.

मावशीने उजवा हात पुढे धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. हात हलला नाही. तिचे डोळे मात्र भरून आले.

"मॅनेजरला तू सांगशील की मी सांगू?"

"उद्या मीच सांगतो."

"खोकी चिकटवावी लागतील. नाहीतर घरी बसावं लागेल."

"ठाऊक आहे."

"सुरी दे."

तिने बुडखा फळीवर घट्ट धरला आणि कापायला लागली. मशीन नव्हतं, घरातलीच सुरी होती, तरी एकेक काप असा की खालच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात. एक काकांच्या बशीत ठेवला, एक बायकोच्या, मग स्वतःच्या, मग पुन्हा काकांच्या. कागद्याची बशी रिकामीच होती आणि त्याने मागितलंही नाही. तुकडा संपत आला, बोटं सुरीजवळ गेली, तशी ती थांबली. अंगठ्याएवढा भाग उरला होता. तो तिने त्याच्या बशीत ठेवला.

"हा तुझ्या वाटणीचा," ती म्हणाली.