एका कानावरचा हेडसेट

सोमवार, ९ फेब्रुवारी. काल दुपारी मिलिंदच्या टेबलाखालचं पेडल काढायला बसले. पेडल माझ्या शिलाई मशीनचं आहे. ते नाही म्हणून सहापैकी एक मशीन एप्रिलपासून चादर टाकून उभं होतं, आणि धंतोलीतल्या एका हॉस्पिटलची ऑपरेशनच्या गाऊनची ऑर्डर या आठवड्यात द्यायची आहे. आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. मिलिंद माझा धाकटा भाऊ. तीन जानेवारीला गेला, चव्वेचाळीस वर्षांचा होता. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, त्याचे कपडे वाटून झाले. टेबल तेवढं राहिलं होतं. टेबलावर कॉम्प्युटर, खिळ्याला टांगलेला हेडसेट आणि खाली हे पेडल. भेटायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, शिलाई मशीनचं पेडल कॉम्प्युटरला काहून लावलं? दरवेळी मी थोडक्यात सांगितलं. आज सगळं सांगते.

मिलिंदला विमानतळाच्या टॉवरमध्ये बसायचं होतं. शाळेत असताना आम्ही सोनेगाव विमानतळाच्या भिंतीशी सायकली टेकवून विमानं बघायचो. मला तासाभरात भूक लागायची, त्याला लागायची नाही. बी.एस्सी. झाल्यावर तीनदा भरतीची परीक्षा दिली, तिन्ही वेळा नाव वेटिंग लिस्टवर राहिलं. मग सावनेरला खाणीच्या ऑफिसात हजेरीच्या कामाला लागला आणि टॉवरचं नाव घेणं सोडून दिलं. चाळिशीला आल्यावर त्याला इंटरनेटवरचा तो खेळ सापडला. खेळ म्हटलेलं त्याला आवडत नसे. जगभरचे हौशी लोक घरच्या कॉम्प्युटरवर विमानं उडवतात, आणि तसेच हौशी लोक आपापल्या घरी बसून खऱ्या नियमांनी ती उतरवतात. पगार नाही, प्रवासी नाहीत, शिस्त मात्र खरी. परीक्षा पास झाल्याशिवाय टॉवरवर एकट्याला बसू देत नाहीत, तोवर शिकवणारा माणूस मागून ऐकत असतो. मिलिंदचे शिक्षक हैदराबादचे, बँकेतले एक राव सर. एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबलं की तुमचा आवाज सगळ्यांच्या कानात, सोडलं की तुम्ही ऐकायचं. कोणाचं बटण दाबलेलंच राहिलं तर सगळ्यांची वाट बंद. सुरुवातीला आवाज तपासून घेतात... ‘हाऊ डू यू रीड?’ समोरचा एक ते पाच यातला आकडा सांगतो. पाच म्हणजे स्वच्छ. एक म्हणजे काही कळत नाही. मिलिंदला नेहमी पाच मिळायचे, आणि जेवताना तो ते मला न चुकता सांगायचा.

मग उजव्या हाताची बोटं वाळू लागली. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. एकेक स्नायू जातो, औषध नाही. काहींचा दहा-दहा वर्षं हळूहळू चालतो असंही म्हणाले, आणि मिलिंदने तेवढंच वाक्य धरून ठेवलं. लग्न केलेलं नव्हतं. मी त्याला सावनेरहून माझ्याकडे जयताळ्याला आणलं. इथे मी एकटीच असते, दिवसा शिवायला येणाऱ्या बायका असतात.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सीताबर्डीला हेडसेट घ्यायला गेलो. जुना मानेला जड व्हायला लागला होता. मी पिशवीतून दोऱ्याची रिळं मोजायचा छोटा काटा काढला आणि दुकानातले हेडसेट एकेक करून त्यावर ठेवले. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच वजनं वाचून दाखवू लागला. त्याने एक भलाथोरला काढला, “मॅडम, गेमिंगवाला लो, लाइट जलती है.” मिलिंद म्हणाला, “भाऊ, मले विमान उतरवाचं हाये, वरात नाही काढाची.” त्याच्या अटी ठरलेल्या होत्या. वायरचा हवा, बिनवायरीचा ऐन वेळी दगा देतो. माइकची दांडी जिथे वळवली तिथेच राहिली पाहिजे. आणि बटण दाबलेलं असताना माइकमध्ये जातं ते आपल्याही कानात यायला हवं, म्हणजे आपण किती स्पष्ट बोलतो ते कळतं. शेवटी दोन उरले. एक उघड्या जाळीचा, बाहेरचं ऐकू येणारा. दुसरा कान पूर्ण झाकणारा, त्याहून थोडा हलका. त्याला जाळीचा हवा होता.

“ताई, मले घर ऐकू येऊ दे नं.”

“घरात ऐकासारखं का हाये? मशिना नं माह्या शिव्या,” मी म्हणाले, आणि बंद कानांचा घेतला.

बटणाची गोष्ट अशी. आधी कीबोर्डवरची एक कळ होती, ती बोटाने दबेना. मग तळहाताने दाबायचं मोठं गोल बटण मागवलं, ते मार्चपर्यंत चाललं. हात गेले तेव्हा पाय शाबूत होते, म्हणून मी मशीनचं पेडल उघडलं. जुन्या माउसचं बटण काढून त्यात बसवलं, वायर जोडली. मी तीस वर्षं मशिनी दुरुस्त करते आहे, हे काही अवघड नव्हतं. पुढे पायाचा जोर कमी झाला तेव्हा आतली कडक स्प्रिंग काढून नरम घातली. पाय नुसता टेकवला की दबायचं. मिलिंद खूश झाला. पाय दाबता येतो का एवढंच मी बघितलं. उचलता येतो का, ते बघितलं नाही.

जूनच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, याचा आजार हळू चालणारा नाही. दिवाळीनंतर आवाज राहणार नाही, आणि त्यानंतर श्वासाचं बघावं लागेल. बाहेर व्हीलचेअरवर मिलिंद राव सरांना फोनवर सांगत होता की घाई नको, चांगली तयारी करतो, परीक्षा डिसेंबरात ठेवा. मी विचार केला, आत्ता सांगितलं तर हा अभ्यासच सोडून देईल. परीक्षा होऊ दे, मग सांगू... हिशोब साधा होता आणि साफ चुकीचा होता. जूनमध्ये त्याला पाच मिळत होते. मी त्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर तो जुलैत परीक्षेला बसला असता आणि पास झाला असता. याला दुसरी बाजू नाही. मी शोधून बघितली आहे.

घरात आम्हाला एक वाईट सवय लागली. त्याच्या कानावर हेडसेट चढला की आम्ही मोकळेपणाने बोलायचो. औषधं, डायपर, पुढे काय, सगळं. मीच घेतलेला बंद कानांचा हेडसेट. पडद्यासारखा वापरला.

सप्टेंबरात एका रविवारी कन्हानची मावशी आली. त्या दुपारी मिलिंदकडे बरीच विमानं होती, राव सर मागून ऐकत होते. मावशीला कमी ऐकू येतं, तिच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. आम्ही त्याच्या खोलीच्या दाराशी बसलो होतो.

“काहून वं, डॉक्टर का म्हणते?”

“दिवाळीनंतर आवाज जाते म्हणे. मंग श्वास.”

“त्याले मालूम हाये?”

“नाही. परीक्षा होऊ दे म्हटलं.”

आतून मिलिंद काहीतरी बोलला. त्याचा आवाज तेव्हाच जड झाला होता. तो तासन्‌तास बोलतच असायचा तिथे, मी लक्ष दिलं नाही. मावशीने जागेची चौकशी केली, दवाखान्यात न्यायचं की घरीच, आणि मी त्याचंही उत्तर दिलं, तेही ओरडून. मग चहा घेऊन आत गेले. पडद्यावर लाल अक्षरांत ओळीमागून ओळ येत होती, बटण अडकलंय, बटण अडकलंय. मिलिंदचा पाय पेडलवर होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, “ताई, पाय.” मघाशी आतूनही तो तेच म्हणाला होता.

मी पाय उचलून बाजूला ठेवला. त्याने मान हलवून परत ठेवायची खूण केली. मी ठेवला. त्याने इंग्रजीत सगळ्यांची माफी मागितली, माइक अडकला होता म्हणाला, आणि थांबलेल्या विमानांना एकेक करून उतरवून घेतलं. मी खाली बसून प्रत्येक वाक्यानंतर त्याचा पाय उचलत होते. माझं प्रत्येक वाक्य त्याच्या कानात गेलं होतं, दहा-बारा अनोळखी लोकांच्याही. मराठी किती जणांना कळलं, देव जाणे. राव सरांना कळलं नाही, त्यांनी नंतर प्रेमाने विचारलं की घरात भांडण होतं का.

संध्याकाळी त्याला भरवताना मी विचारलं, किती ऐकू आलं?

“तुयी रीडेबिलिटी फाइव्ह होती, ताई,” तो म्हणाला.

यावर तो पुढे कधीच बोलला नाही, आणि मीही विषय काढला नाही. मला काढायला हवा होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला राव सरांना मेल टाइप करायला लावली, परीक्षा शक्य तितक्या लवकर घ्या. कारण लिहू का विचारलं तर नको म्हणाला.

परीक्षा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. मी टेबलाखाली, त्याचा पाय माझ्या हातात. बोलायचं असलं की तो डोळे मिटायचा, मी पाय टेकवायची, उघडले की उचलायची. परीक्षकाने सुरुवातीला आकडा सांगितला, तीन. वीस मिनिटांनी वैमानिक ‘से अगेन’ म्हणू लागले. एक म्हणाला, मग दुसरा, मग पहिला पुन्हा. मिलिंद तेच वाक्य तितक्याच शांतपणे परत सांगायचा, आणि दरवेळी ते आधीपेक्षा चिकट यायचं. अर्ध्या तासाने परीक्षकाने थांबवलं. निकालात लिहिलं होतं, ज्ञान पूर्ण, निर्णय अचूक, आवाज दोन. उत्तीर्ण करता येत नाही. मला राग आला. मिलिंदला आला नाही. “बरोबर केलं त्यानं,” तो म्हणाला, “मीही नापास केलं असतं.” मला कळावं म्हणून हे वाक्य त्याला तीनदा म्हणावं लागलं.

त्यानंतर तो बोलायला कधी बसला नाही. माइकची दांडी मला वर वळवून ठेवायला लावली आणि नुसता ऐकायचा. पण हेडसेट घालताना त्याची एकच खूण असायची, उजवी बाजू मागे सरकव. सप्टेंबरातल्या त्या रविवारपासून शेवटपर्यंत त्याचा उजवा कान उघडा होता. डाव्या कानात विमानं, उजव्या कानात घर. मग घरात कोणी काही बोलेना. शिवणाऱ्या बायकासुद्धा खुणांनी दोरा मागायच्या. फोन आला की मी उठून गच्चीवर जायची आणि मागे दार लावून घ्यायची. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्याला सगळं माहीत होतं, तरी जायची. त्याला घर ऐकायचं होतं आणि आम्ही त्याला मशिनींचा आवाज तेवढा दिला.

डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. दिवाळीनंतर आवाज गेला. डिसेंबरअखेर धंतोलीच्या त्याच हॉस्पिटलात हलवलं. तिथल्या अटेंडंटच्या अंगात मीच शिवलेला गाऊन होता, काखेतली शिवण उसवलेली. मिलिंदच्या शेवटच्या तासात मी ती शिवण बघत होते, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. शेवटी त्याच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं, आवाजही नाही, बोटही नाही, पायही नाही.

तर काल पेडल सोडवलं. माउसचं बटण काढलं, आतले जुने भाग परत जोडले. कडक स्प्रिंग कुठे ठेवली होती ते आठवत होतं, बटणांच्या डब्यात. मग हेडसेट पुसायला घेतला. राव सरांनी लिहिलं आहे की एका नवीन शिकणाऱ्या मुलीला गरज आहे, पाठवता येईल का. डाव्या कानाची गादी झिजून आतलं कापड दिसतं. उजवी अजून धड आहे. मी कळवायला बसले की एक बाजू बदलावी लागेल... आणि मेल तशीच ठेवली. हेडसेट परत खिळ्याला अडकवला.

आज सकाळी पेडलमध्ये कडक स्प्रिंग बसवली. पाय काढला की मशीन जागच्या जागी थांबतं. अकरा गाऊन झाले तेवढ्यात मावशीचा फोन आला. मी मशीन थांबवलं, उठले, गच्चीवर गेले आणि दार लावून घेतलं. मावशी कशी आहेस विचारत होती. घरात कोणी नव्हतं. बायका अजून यायच्या होत्या. खाली जाऊन त्या खोलीत बसूनसुद्धा बोलता आलं असतं. मी दाराला पाठ लावून तिथेच उभी राहिले आणि हळू आवाजात सांगत राहिले, आणि मावशी पलीकडून म्हणत राहिली, मोठ्यानं बोल वं, ऐकू येत नाही.