सुमनताईंचा अंबाडा

"डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला, कंपनी सोड म्हणून. माझं ऐकत नाय ही."

सुमनताई खुर्चीत बसायच्या आधीच बोलल्या. 'ही' म्हणजे त्यांची सून, तन्वी. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. दोघी हेंद्रेपाड्यातून चालत माझ्या क्लिनिकवर आल्या होत्या. मी त्वचारोगतज्ज्ञ, केस गळण्याच्या तक्रारी रोजच्याच. तन्वीच्या कपाळावरची आणि कानशिलांवरची केसांची रेघ वर्षभरात बरीच मागे सरकली होती.

"केमिकलनंच जातात," सुमनताई म्हणाल्या. "पगार गेला खड्ड्यात. पोरगी टकली झाली तर?"

तन्वी हळूच म्हणाली, "मॅडम, मला जॉब नाही सोडायचा."

मी ट्रायकोस्कोपी करायची ठरवली. नाव मोठं, काम साधं. भिंगाचा छोटा कॅमेरा डोक्याच्या कातडीवर टेकवायचा, स्क्रीनवर एकेक केस दोरीएवढा दिसतो. सुई नाही, दुखणं नाही.

डोक्याचा मधला भाग उत्तम होता. बायकांचे केस वयानं किंवा हार्मोन्समुळे विरळ होतात तेव्हा भांगाजवळ जाड आणि बारीक केसांची सरमिसळ दिसते. ती नव्हती. कातडी लाल किंवा सोलवटलेली नव्हती, त्यामुळे केमिकलवर संशय घ्यावा असं काही दिसेना. पुढच्या कडेला मात्र केस तुटलेले, आणि काहींच्या बुंध्याशी बारीक पांढऱ्या नळ्या, केसावर सरकणाऱ्या. केसांना सतत ओढ बसली की असं दिसतं. आम्ही त्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतो.

"केस कसे बांधतेस?"

तन्वीनं सासूकडे पाहिलं. उत्तर सुमनताईंनीच दिलं, तेही कौतुकानं. "मी बांधते, रोज सकाळी. कंपनीत टोपीबाहेर केस आला तर साहेब बोलतो ना. म्हणून तेल लावून करकचून अंबाडा घालते. संध्याकाळपर्यंत हलत नाय."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि जे दिसत होतं ते सांगितलं. त्या स्क्रीनजवळ वाकल्या.

"म्हणजे माझ्याच हातानं गेले." मग तन्वीला, "दुखायचं का गं?"

"दुपारी डोकं ठणकायचं."

"मग बोलली का नाय?"

"मी कॉलेजात असताना मम्मी गेली, आई. त्यानंतर माझे केस कुणी विंचरलेच नव्हते. सैल बांधा म्हटलं आणि तुम्ही बांधायचंच सोडलं असतं तर?"

सुमनताई उठून तिच्यामागे उभ्या राहिल्या आणि एकेक पिन काढून अंबाडा मोकळा केला. मग मला विचारलं, "आता मी बांधायचं नाय का?"

"बांधा की. फक्त दोन बोटं सहज आत जातील इतकं सैल. टोपी एक साइज मोठी मागून घ्या."

केस जिथून उगवतात ती छिद्रं कॅमेऱ्यात अजून शाबूत दिसत होती. ती बुजली असती तर माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं. मी लावायला एक लोशन दिलं आणि कंपनी सोडायची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं.

काही महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. कानशिलांवर नवे केस उभे राहिले होते. ते बघायला सुमनताईंनी स्क्रीनजवळ खुर्ची ओढून घेतली आणि स्वतः उठेपर्यंत मला तिथे जागा दिली नाही.

हल्ली केस गळतात म्हणून कुणी आलं की कॅमेरा काढण्याआधी मी विचारते, केस कोण बांधतं? या प्रश्नाला मशीन लागत नाही.