पाटावर न मांडलेलं ड्रिल

ड्रिल मला हवं होतं, पैसे माझे होते, आणि दुकानदार बोलत होता नवऱ्याशी. तो काउंटर आठवला की आजही डोक्यात तिडीक जाते.

मी खिडक्यांना मच्छरजाळ्या आणि पडद्यांचे रॉड बसवते. भिवंडीत या कामाला बाई लागते. दुपारी पुरुष लूमवर नाहीतर गोदामात असतात, आणि घरातल्या एकट्या बायका परक्या मिस्त्रीला आत घेत नाहीत. मला घेतात. स्टुलावर चढायचं, डाव्या हाताने जाळीची चौकट धरायची आणि उजव्या हाताने डोक्याच्या वर भोक पाडायचं. तिसरा हात देवाने दिलेला नाही. म्हणून मशीन बिनवायरचं पाहिजे आणि हलकं पाहिजे, इतकी साधी गोष्ट.

दुकानदाराने सगळ्यात जाड मशीन काढून नवऱ्यासमोर ठेवलं. मी बारक्याकडे बोट दाखवलं, तर नवरा ते तळहातावर तोलून हसला. इथल्याच पूर्णा गावच्या गोदामांवर टेम्पो चालवतो तो, स्टुलावर जन्मात चढलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकायला मात्र पुढे.

"ह्यं मशीन न्हाय, खेळणं हाय," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं, हलकंच हवंय. तोवर दोघांनी मिळून जाडं मशीन खोक्यात घालूनही टाकलं होतं.

ते धूड घेऊन काम सुरू केलं. तिसऱ्या-चौथ्या भोकाला दंड भरून यायचा, मनगट थरथरायचं. शेवटी एका नव्या बिल्डिंगमध्ये, जिथे अख्ख्या मजल्याचं काम मला मिळायचं होतं, मशीन हातात कलंडलं आणि खिडकीच्या चौकटीवर लांबलचक ओरखडा ओढला गेला. घरातली मुसलमान मावशी, सगळे तिला खाला म्हणत, ओरडली नाही. तिने पाणी दिलं आणि बाकीच्या खिडक्यांचं नंतर बघू म्हणाली. असलं 'नंतर' कधी येत नाही, हे मला माहीत आहे. घरी आले तर सासूचं एकच, बाईच्या हाताचं कामच नाही हे. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मशीन निवडलं यांनी, आणि कमी पडला म्हणे माझा हात.

दुसऱ्या दिवशी एकटीच दुकानात गेले. दुकानदार पॉवर सांगत राहिला. मी एकेक मशीन उचलून, हात डोक्यावर नेऊन, तशीच उभी राहायचे. बाकीची गिऱ्हाईकं टकामका बघत होती. बघेनात का. ज्याने दंड भरून आला नाही, आणि ज्याचं तोंड खिडकीच्या कोपऱ्यात शिरेल इतकं आखूड होतं, ते मी घेतलं. वर एक जादा बॅटरी मागितली. काँक्रीटला हे पुरायचं नाही, असं दुकानदाराने बजावलं.

"मला काय पूल बांधायचा न्हाय," मी म्हटलं.

मग दसरा आला. सकाळी सासूने पाट मांडला. कोयता, विळा, टेम्पोचे पाने, आणि मधोमध ते धूड, गळ्यात झेंडूचा हार घालून. माझं ड्रिल कोणी मागितलंही नाही. मीच आपणहून आणलं, तर नवरा म्हणाला, पाटावर हत्यारं मांडतात, खेळणी नाही. मी ते परत पिशवीत कोंबलं. रागाने रडू फुटलं, ते मोरीत जाऊन धुऊन टाकलं.

दुपारी फोन आला. ती खाला होती. जाळीचं काम तिने दुसऱ्या माणसाला सांगितलं होतं, पण तो नेमका घरात पुरुष नसताना आला आणि दारातूनच परत गेला.

"बेटी, आज आ सकती हो?" तिने विचारलं. "पूरे फ्लोर की औरतें इंतज़ार में बैठी हैं।"

मी येते म्हटलं आणि पिशवी उचलली. अख्ख्या मजल्याचं काम आहे हे ऐकून नवरा उठला. एवढ्या कामाला ते खेळणं कुठं पुरणार, मोठं मशीन घेऊन जा, असं म्हणत त्याने पाटाकडे हात नेला. सासूने तो हात वरच्यावर झटकला.

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाय," ती म्हणाली.

माझं ड्रिल कोणी पुजलं नव्हतं. ते घेऊन मी कामाला निघाले.