बसलिंगप्पानं फुंकलं नाही

होटगी रस्त्यावर टमटम चालवणारा बसलिंगप्पा गेले सात महिने दारात बसून आहे. गाडीही दारातच, ताडपत्रीखाली. वय अठ्ठावन्न. सरकारी कागदावर तो दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोपी आहे.

हा माणूस चहासुद्धा दुसऱ्याच्या कपातून पीत नाही. गाडीत पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला असतो, हॉटेलवाल्यानं त्यात वरून चहा ओतायचा. पाणी कुणाच्याही घरी तोंड न लावता, वरून. गळ्यात इष्टलिंग आहे, लहानपणापासूनचं, त्याचे जे नियम आजोबांनी सांगितले तेवढे तो पाळतो.

मी असलं सोवळंओवळं मानत नाही. यावरून मी त्याच्याशी भर स्टँडवर भांडलेय. "आप्पा, ही तुमची जात बोलते," म्हटलं. तो चिडला नाही. म्हणाला, "जातीचं न्हाय ताई. माज्या सख्ख्या भावाचं उष्टंबी चालत न्हाय की मला. त्यो बी शिव्या देतो." गप्प बसले. तसं मी गप्प बसले की लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना.

आमची ओळख प्रभुमुळं. प्रभु त्याचा एकुलता मुलगा. चार वर्षांपूर्वी भर दुपारी खडीच्या टिपरनं त्याला मोटरसायकलसकट उडवलं. टिपरवाला ढाब्यावरून पिऊन उठला होता. दुपारच्या वेळी त्या रस्त्यावर निम्मे टिपरवाले तसेच असायचे. सगळ्यांना माहीत होतं, पोलिसांनाही. मी सातवी शिकलेली बाई, कायद्याची पुस्तकं रद्दीच्या दुकानातून आणून वाचलेली. पण अर्ज असा लिहिला की तिसऱ्या महिन्यात दुपारची नाकाबंदी लागली. अर्जावर पहिली सही बसलिंगप्पाची. त्यात एक वाक्य मी मुद्दाम घातलं होतं: ओळखीपाळखीवर कुणालाही तपासल्याशिवाय सोडू नये. त्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

नाकाबंदी लागली आणि टिपरवाले सुधारले, निदान दुपारचे. बसलिंगप्पाला मात्र कुणी थांबवत नसे. हवालदार शहाजी लांबूनच हात करायचा, "जावा आप्पा, तुमच्या तोंडाला विभूतीचाच वास." दोन वर्षं असं चाललं. मग नवे साहेब आले. तरुण, कडक, आणि खरं सांगायचं तर प्रामाणिक. त्यांनी फायलीतला माझा अर्ज वाचला. शहाजीला म्हणाले, आजपासून ओळख बंद.

त्या दिवशी मी तिथं नव्हते. भाजी घेऊन बाजाराला निघालेली गोजरबाई गाडीत होती, तिनं सांगितलं ते असं. आप्पाच्या पुढं एक मोटरसायकलवाला होता, तोंडात गुटखा. त्यानं दारू तपासायच्या यंत्राच्या नळीत फुंकलं, नळी लाल झाली. शहाजीनं ती पँटला पुसली आणि आप्पाच्या तोंडापुढं धरली.

"नवी लाव की," आप्पा म्हणाला.

"नव्या संपल्यात, आप्पा. चार दिस झाले मागणी करून. फुंका पटदिशी, साहेब बघाया लागलेत."

"ही नगं. ही उष्टी हाय. गळ्यात लिंग हाय माज्या."

"अवो, लिंग गळ्यात हाय, नळी तोंडात घालायची हाय. दोगांची गाठ कुटं पडती?"

गाडीतली माणसं हसली. आप्पाही हसला म्हणे. पण साहेब आले. "काय भानगड?"

"साहेब, तोंडाचा वास घ्या. रक्त काढा. कुटं म्हनशीला तितं येतो. ही नळी तेवढी नगं."

"सगळे फुंकतात, तुम्ही काय स्वामी आहात?"

"न्हाय साहेब. डायवर हाय."

साहेबांना तो टोमणा वाटला. बसलिंगप्पाला टोमणा मारता येत नाही, हे त्यांना कोण सांगणार? शहाजी मान खाली घालून उभा. तपासणीस नकार, म्हणजे प्यालेला, अशी नोंद झाली. लायसन घेतलं, गाडी त्या दिवसापुरती चौकीत लावली. गोजरबाई मेथीच्या गठुड्यासकट उन्हात उतरली. "मी म्हनलं साहेबाला," ती मला सांगत होती, "हा पेला असंल तर मी दारू सोडीन म्हना. तर मलाच म्हनला, तुमी पिता का?"

मी पोहोचेपर्यंत संध्याकाळ. चौकीत आवाज चढवला, त्यात मला शिकवावं लागत नाही. प्रत्येकाला नवी नळी द्यायची असते हे तुम्हाला माहीत नाही? रक्त तपासायला का नेलं नाही? साहेब शांतपणे म्हणाले, "न्यायला गाडी मोकळी नव्हती. आणि बाई, ओळखीवर सोडू नका असं तुम्हीच लिहिलंय." फाईल उघडून माझंच अक्षर मला दाखवलं. माझं डोकं असं फिरलं की खुर्ची आपटून बाहेर आले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, आप्पा आतच राहिलाय.

गावात बातमी त्याच्या आधी पोहोचली. बसलिंगप्पाबी प्याला. पोराच्या दुःखानं प्याला असंल, म्हणून काहींनी माफही केलं. ते माफ करणं त्याला जास्त लागलं. बायको चंद्रव्वा म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं. माफ कशाला करत्यात? प्रभुच्या नावावर दारू चिकटवली."

मी आठवड्यात दुसरा अर्ज लिहिला: ही नाकाबंदी म्हणजे नागरिकाच्या अब्रूवर घाला आहे, ताबडतोब उठवा. भाषा जोरदार होती. आप्पानं वाचून घेतला आणि परत दिला.

"उठवायची न्हाय ताई."

"अहो, तुमची रोजीरोटी गेली!"

"टिपरं परत सुटतील. दुसऱ्याचं पोरगं जाईल. तपासू द्या की त्यास्नी. रोज तपासू द्या. माजं तोंड माजं हाय, एवढंच हाय. नळी नवी घाला म्हणून लिवा."

एवढ्याशा मागणीचा अर्ज मला लिहायची सवय नाही. लिहिला. उत्तर आलं: मागणी वरिष्ठांकडे पाठवली आहे.

मग कोर्ट. एकदा न्यायाधीश रजेवर. एकदा पोलिसांचे कागद आले नाहीत. एकदा संप. एकदा नुसतंच संध्याकाळपर्यंत बसवून पुढची तारीख. दर वेळी आप्पा धुतलेलं धोतर नेसून सकाळी दहाला हजर. वकील ओळखीचा, पैसे घेत नव्हता, म्हणून घाईही करत नव्हता. प्रत्येक वेळी एकच सांगायचा, "गुन्हा कबूल करा. दंड भरा, काही महिन्यांनी लायसन परत, गाडी रस्त्यावर. दोन मिनिटांचं काम. नाही म्हणालात तर वर्षं जातील."

"पर मी पेलो नव्हतो."

"ते कोण विचारतंय?"

पाचव्या तारखेला चंद्रव्वाही आली होती. रात्रभर खोकून आली होती. बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "ब्याड इन्नू. बास आता. व्हय म्हना आन् चला." नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी वीस वर्षं लोकांना सांगत आलेय, खोट्या कागदावर सही करू नका. त्या दिवशी मला सकाळपासून काही खायला मिळालं नव्हतं, आणि आणखी तीन ठिकाणी तीन माणसं माझी वाट बघत होती. मी म्हणाले, "म्हणून टाका आप्पा. देवाला माहीत आहे ना."



पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी आरोप वाचला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

वकिलानं हळूच मान हलवून दाखवली. चंद्रव्वानं डोळे मिटले. आप्पा कठड्याला न टेकता उभा होता.

"न्हाय बाईसाहेब."

"मग तपासणीला नकार का दिला?"

"तपासायला मी न्हाय म्हनलो न्हवतो. रक्त घ्या म्हनलो. कुणी घेतलं न्हाय."

बाईंनी वर पाहिलं, काहीतरी लिहिलं, आणि साक्षीपुराव्यासाठी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. वकिलानं फाईल काखेत मारली आणि दुसऱ्या कोर्टाकडं पळाला.

बाहेर आलो. मला माझी लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडते. "इतकंच होतं तर मला विचारलं कशाला?" म्हणाले.

"मी कुटं इचारलं ताई?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पुढच्या बारीला तुमी येऊ नगा. तुमचा दिस मोडतो."

"मी येणार."

"या मग."

चंद्रव्वा पुढं चालत होती, नवऱ्याशी न बोलता. कोपऱ्यावर होटगीची टमटम भरत होती, दुसऱ्या कुणाची. तिथं पोहोचल्यावर तिनं आधी त्याला चढायला जागा दिली आणि मग शेजारी बसली. चालवणाऱ्या पोऱ्यानं मागं वळून विचारलं, "काय झालं आप्पा?"

"तारीक," आप्पा म्हणाला आणि पाय आत घेतले.