वाटणीनंतरचा पहिला दिवस

आमच्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर त्याचे पुण्यातले चाहते भांडायला येतील, आणि त्यांच्याशी भांडण्याइतका वेळ मला नाही. एवढंच सांगते की तो रॉक गातो, केस खांद्याच्या खाली सोडतो आणि त्याचा आवाज मुरमावरून ट्रॅक्टर गेल्यासारखा आहे. माझा थोरला भाऊ, म्हणजे अण्णा, आणि मी त्याच्यासाठी वेडे. आमच्या ढाब्याला लागून पंक्चरचं दुकान आहे, तो पंक्चरवाला भाई तिसरा वेडा. हमरस्त्यावर हुमनाबादच्या अलीकडं आमची ही एवढीच चाहता-मंडळी. पण आवाज पन्नास माणसांचा.

मी नोकरीला गुलबर्ग्यात. एके दिवशी दुपारी ऑफिसात अण्णाचा फोन आला. अण्णा दुपारी कधी फोन करत नाही, ती गिऱ्हाइकाची वेळ. मला वाटलं अप्पांचं काही झालं.

"अगं, त्यो सोलो टूर करायलाय! पहिलाच कार्यक्रम हैदराबादला हाय!"

मी खुर्चीतून उठून ओरडले. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. घरी बाळ झालं म्हणून सांगितलं. कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

गोष्ट अशी होती की आमचा माणूस इतकी वर्षं बँडमध्ये गायचा. मग बँड फुटला. का फुटला यावर अण्णा आणि भाई रोज वाद घालायचे, जसं काही दोघं त्या खोलीत बसूनच होते. बँडचं नाव आणि जुनी गाणी बाकीच्यांकडं राहिली. ह्याला मिळाली त्याची गिटार. आता नवी गाणी घेऊन एकटाच पहिल्यांदा उभा राहणार होता. अण्णानं तिकीट काढूनही टाकलं. फक्त एकच माणूस आडवा होता, तो म्हणजे आमचे अप्पा.

शनिवारी घरी गेले तेव्हा हा विषय चालूच होता. अप्पा गल्ल्यावर बसलेले, अण्णा भट्टीपाशी भाकरी थापत होता.

"सोलो म्हंजे?" अप्पांनी मला विचारलं.

"आता एकटाच गाणार, अप्पा. बँड सोडला."

"कामून? वाटणी झाली?"

"व्हय, तसंच म्हणा."

"आन् ह्याच्या वाट्याला काय आलं?"

"गिटार."

"गाणी?"

"गाणी बाकीच्यांकडं गेली. लिहिली ह्यानंच व्हती, पण कागदावर सगळ्यांची."

अप्पा कडाडले, "म्हंजे ह्यानं पेरलं आन् खळं दुसऱ्यांनी उचललं! असली बिनडोक वाटणी कुणी केली? पंच कोण व्हते?"

आता बँडला पंच कुठून आणू? पण अप्पांना ही गोष्ट आतून लागली होती. त्यांची स्वतःची वाटणी तशीच झालेली. काळी जमीन दोघा भावांना गेली आणि अप्पांना रस्त्याकडेची मुरमाड पट्टी मिळाली. तिथं कुसळही येत नव्हतं, म्हणून त्यांनी ढाबा टाकला. हे आम्हाला माहीत होतं. त्यापुढचं ते कधी बोलत नसत.

अण्णाला वाटलं, काम फत्ते. भाकरी तव्यावर टाकता टाकता त्यानं हळूच विचारलं, "मग जाऊ का, अप्पा?"

"कुठं?"

"हैदराबादला."

"येडा झालास का काय! वाटणी त्याची झाली, ढाबा आपला हाय. शनिवारी लाऱ्यांची रांग लागती. माझे गुडघे असले. भट्टीपाशी कोण उभारणार?"

अण्णानं तोंड पाडलं. माझं डोकं असं तापलं की सांगू नका. अण्णा आजवर एक रात्र ढाबा सोडून झोपलेला नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्यावर वरणाला फोडणी बरोबर बसली का, हे बघायला गेला. मी अप्पांशी भांडायला तोंड उघडलं, तर अण्णानंच मला खूण करून गप्प बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्याची खूण कशासाठी होती ते कळलं. ह्यानं आणि भाईनं मिळून नवीनच शोध लावला होता.

"त्यो पुण्याचा. कार्यक्रम हैदराबादला. मग जाणार कुठून?" अण्णानं विचारलं.

"विमानानं," मी म्हटलं.

"न्हाई! गिटार डोळ्याआड झालेली त्याला चालत न्हाई. मुलाखतीत म्हणालाय. सामानाच्या गाडीतनंच येणार."

मला बाजी, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या भाईनं हातातला टायर खाली टाकला. "होर रस्ता कौनसा है, बाजी? पुना से निकला तो इधरीच से जाना पड़तै. होर भूक तो लगतीच ना!"

म्हणजे आपण जायचंच नाही, तोच आपल्याकडं येणार. मला हसू आवरेना. पण खरं सांगते, हसता हसता माझाही विश्वास बसला. हमरस्त्यावर जन्मलेल्या माणसाला वाटतंच की जगात जो कोणी कुठं निघाला आहे, तो कधी ना कधी आपल्या दारावरून जाणार.

मग तयारी सुरू झाली. सत्कार करायचा म्हणजे शाल, हार, नारळ आणि फ्लेक्स. फ्लेक्सशिवाय आमच्याकडं कुणी मोठा होत नाही. मधोमध आमचा माणूस गिटार घेऊन, आणि खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून आम्ही तिघं. भाईचा फोटो काळा गॉगल लावून, कानाला मोबाईल. माझा ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. छापायच्या आधी अप्पांनी मोबाईलवर बघितला.

"माझा फोटो कामून न्हाई? ढाबा कुणाचा हाय?"

अप्पांचा फेटेवाला फोटो टाकला. छापणाऱ्यानं मानपान ओळखून तो इतका मोठा केला की लांबून बघणाऱ्याला वाटावं, गाणार अप्पाच आहेत आणि गिटारवाला त्यांचा साथीदार.

कार्यक्रम शनिवारी, म्हणून सामान शुक्रवारी जाणार असा हिशोब. मी पोटदुखीची सुट्टी टाकून सकाळच्या पहिल्या बसनं आले. अण्णानं तुरीचं वरण, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि भरली वांगी केली होती. तिखट कमी, कारण गळ्याला त्रास नको. उमरग्याच्या पेट्रोल पंपावर भाईच्या ओळखीचा माणूस होता, त्याला पहाऱ्यावर बसवलेलं. अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला: मोठा बंद ट्रक, बाजूला गिटारीचं चित्र.

आम्ही तिघं रस्त्यावर! भाई रुमाल हलवायलाय, अण्णा हार धरून उभा, मी फ्लेक्सचं टोक धरून. ड्रायव्हरला वाटलं पुढं अपघात झालाय. करकचून ब्रेक मारला.

खाली उतरले ड्रायव्हर आणि एक दाढीवाला, तो आवाजाची यंत्रं सांभाळणारा. अण्णा पुढं झाला, ट्रकमध्ये वाकून बघितलं. मागून, पुढून.

"सर कुठंयत?"

"सर फ्लाइटनं जाणारेत," दाढीवाला म्हणाला.

"आन् गिटार?"

"त्यांच्या शेजारच्या सीटवर. तिचं वेगळं तिकीट काढतात."

भाईनं कपाळावर हात मारला. मी अण्णाकडं बघितलंच नाही, बघवलं नसतं. त्यानं हातातला हार गुपचूप ट्रकच्या आरशाला अडकवला आणि म्हणाला, "जेवून तर जावा."

दोघं जेवायला बसले. दाढीवाल्यानं वरण तीनदा मागून घेतलं. अप्पा समोर येऊन बसले आणि त्यांनी नेहमीची चौकशी सुरू केली. "मग, तिकडं तयारी जोरात असंल?"

दाढीवाल्याचा घास थांबला. "खरं सांगू का काका, तिकिटं गेलीच नाहीत फारशी. बँड होता तेव्हा मैदान पुरायचं नाही. आता लोक विचारतात, जुनी गाणी नाहीत तर यायचं कशाला? सरांची झोप उडालीय."

अप्पा उठून गल्ल्यापर्यंत गेले आणि परत आले.

"ह्या ढाब्याच्या पहिल्या दिवशी," ते अण्णाला म्हणाले, "मी पातेलंभर वरण करून ठेवलो व्हतो. भावकीला सांगून आलो व्हतो, या म्हणून. एकबी आलं न्हाई. दिवसभर रस्त्याकडं बघत बसलो. सांजच्याला एक लारी थांबली. ड्रायव्हर कोण कुठला, त्याची बोलीबी मला कळंना. त्यो पोटभर जेवला आन् जाताना हातानं असं केला, झ्याक म्हणून. त्या एका माणसावर मी दुसऱ्या दिवशी चूल पेटवलो."

आम्ही हे कधीच ऐकलं नव्हतं. अण्णा पिठाचे हात तसेच धरून उभा होता.

"उभारलास कामून?" अप्पा एकदम खेकसले. "जा की! ह्यांच्या गाडीत बस. तिथं गाताना त्याला दिसशील असा पुढं बस."

"भट्टी कोण बघणार, अप्पा?"

"तुझ्या जन्माआधी कोण बघत व्हतं? उद्या जातो म्हणू नको, उद्यापर्यंत तुझं मन फिरतंय. आत्ता निघ!"

अण्णा अंगावरच्या कपड्यांनिशी ट्रकमध्ये चढला. अप्पांनी शाल दिली, भाकरीचं गाठोडं दिलं. भाईनं फ्लेक्स गुंडाळून आत सारला. मी म्हटलं, "भाई, तुम्ही पण जा की." तर म्हणाला, "दुकान कौन देखेगा? मैं नै गया तो क्या हुआ, मेरा फोटू तो जारा ना."

शनिवारी संध्याकाळी अप्पा गुडघ्याला पट्टा बांधून भट्टीपाशी उभे राहिले आणि मी भाकऱ्या थापल्या. निम्म्या करपल्या. ड्रायव्हर लोकांनी निमूट खाल्ल्या, कारण अप्पा प्रत्येकाकडं डोळे वटारून बघत होते. मधेच अण्णाचा फोन आला. मागं नुसता दणदणाट. अप्पांनी माझ्या हातातनं फोन ओढून घेतला. गाणं कसं आहे, तू जेवलास का, काही नाही. एकच प्रश्न.

"माणसं आल्यात का रे?"

"भरलंय, अप्पा! पाय ठेवायला जागा न्हाई!"

अप्पांनी फोन मला दिला, तोंडावर पाणी मारलं आणि त्या वेळी बसलेल्या सगळ्या पंगतीला ताक पाजलं.

रविवारी दुपारी अण्णा आला. आवाज पार बसलेला, चेहऱ्यावर मात्र दिवाळी. आम्ही पिंपापाशी हात धूत होतो, तेव्हा त्यानं घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं. पहिलंच गाणं चालू असताना त्यानं फ्लेक्स उघडला. आमच्या माणसानं खाली बघितलं, अप्पांचा फेटा बघितला, आणि हसायच्या नादात एक ओळ चुकला.

"एवढ्या गर्दीत एवढा मोठा फ्लेक्स उघडलास कसा?"

"गर्दी कुठली? अर्धं मैदान मोकळं व्हतं."

"मग अप्पांना भरलंय म्हणून कामून सांगितलास?"

अण्णानं भट्टीकडं बघितलं. पट्टा बांधलेल्या गुडघ्यावर हात टेकून अप्पा वरणात पळी फिरवत होते.

"अगं," तो म्हणाला, "अप्पा त्या गाणाऱ्याचं कुठं इचारायलते?"