टँकरच्या केबिनमधली विहीण

अन्याय झाला तो माझ्या भाचीवर. वय सव्वा महिना. वसुबारसेच्या सकाळी, दिवस कासराभर वर आलेला असताना, आमच्या गावच्या तलावाच्या काठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पाण्याची तक्रार घेऊन कुठल्याही कचेरीत गेलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "नेमकं नुकसान कुणाचं झालं?" आपण "सगळ्यांचं" म्हणालो की तो फाईल मिटतो. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. म्हणून नेमकं सांगते. माझ्या भाचीचं, आणि तिच्या आईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं.

आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं पाणी पुजते. तलावाच्या काठाला सात दगड आहेत, शेंदूर लावलेले. त्या आसरा, पाण्यातल्या देवी. त्यांच्यापुढं हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या आणि घुगऱ्या ठेवायच्या. सोबत आलेल्या बायकांनी तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावायचं, बाळाच्या कपाळाला ओलं बोट टेकवायचं, आणि मग भरलेली कळशी बाळंतिणीच्या डोक्यावर द्यायची. ती कळशी घरात आली की बाई पुन्हा पाण्याला हात लावायला मोकळी, सासरी जायलाही मोकळी. मी असल्या रीतिभातींविरुद्ध पत्रकं काढलेली पोरगी आहे. पण बाळंतिणीला सव्वा महिना पाणी भरू न देणारी रीत ज्या कुणी बायकांनी शोधली, त्यांच्या युनियनला माझा जाहीर पाठिंबा आहे.

तर त्या सकाळी आम्ही गेलो. आई पुढं, हातात ताट. ताई मागं, पदराखाली पोर. बांधावर चढलं की एका अंगाला दौलताबादचा किल्ला दिसतो आणि दुसऱ्या अंगाला वाळूजच्या कारखान्यांची धुराडी. मधल्या माळावर कामगारांची नवी वसाहत झालीय. तिथला नाला आमच्या तलावात येतो. बांधाच्या पोटाशी गावची विहीर आहे. ती तलावाच्या पाझरावर भरते आणि आम्ही तीच पितो. पाण्याला वास येतो, हे माहीत होतं. पण त्या दिवशी आसरांच्या दगडांना काळी साय चिकटली होती. फेस होता. वास तर असा, की ताईनं पोराचं तोंड झाकायचं सोडून आधी स्वतःचं झाकलं.

आईनं ताट खाली ठेवलंच नाही. म्हणाली, "नाय. ह्या पाण्याला नाय पुजायचं. चला माघारी."

"मग मी सासरी कशी जाऊ?" ताई म्हणाली.

"नको जाऊ."

दोन शब्दांत आईनं लेकीचा संसार टांगणीला लावला. ताईचं सासर त्याच वसाहतीत. दाजी कंपनीत कामाला. संध्याकाळी ताईच्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा फोन आला. त्या मूळच्या शेतकरी घरातल्या. पण वसाहतीत दोन मजली घर झाल्यापासून त्यांचा आवाजही वरच्या मजल्यावरून येतो.

"अहो, जारचं पाणी आणा अन् उरका की. पूजा ती पूजा."

आई म्हणाली, "जारमधी आसरा असतेत व्हय, विहीणबाई?"

फोन ठेवला गेला. कुणी ठेवला, हे दोन्ही बाजूंनी अजून मान्य केलेलं नाही.

मी माझ्या पद्धतीनं लढायला घेतलं. मला पत्रक लिहिता येतं, दुसरं काय येतं? शहरातल्या गुलमंडीत छापून आणलं. मथळा ठसठशीत होता, 'जलस्रोतांवरील अतिक्रमणाविरुद्ध एक व्हा!' वसाहतीच्या चौकात उभी राहून वाटलं. लोकांनी नम्रपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी भज्याच्या गाड्यावर मला माझाच मथळा तेलात भिजलेला मिळाला. कचेरीत निवेदन दिलं, तर "पाहणी करू" असं उत्तर आलं. पाहणी करायला आहे काय त्यात? नाक आणा, दुसरं साहित्य लागत नाही. आणि याच तलावाचं निळंशार चित्र लावून रस्त्याकडेला फ्लॅट विकायचे बोर्ड उभे आहेत. चित्रात बदकंसुद्धा आहेत. ज्यानं ते चित्र काढलं त्याला एक दिवस आमच्या बांधावर जेवायला बोलवायची माझी इच्छा आहे.

घाण येते कुठून, हे शोधायला मात्र कुणा शास्त्रज्ञाची गरज पडली नाही. एका दुपारी मी आणि आई नाल्यावरच्या छोट्या पुलाकडं गेलो. तिथं मैल्याचा टँकर उभा होता, भर उन्हात, राजरोस. जाड पाइप नाल्यात सोडलेला आणि काळं पाणी धो धो पडत होतं. वसाहतीत गटार-लाइन नाही, प्रत्येक घराखाली सेप्टिक टँक आहे. तो भरला की टँकर बोलवतात. टँकरनं ते शहराजवळच्या शुद्धीकरण केंद्रात नेऊन सोडायचं असतं. पण केंद्र लांब आहे, तिथं रांग असते, आणि नाला जवळ. तेवढ्या वेळात आणखी एक फेरी होते.

मी भाषण सुरू केलं. कलम, कायदा, गुन्हा, सगळं. टँकरवाला पोरगा पंचविशीचा असेल. तो माझ्याकडं न बघता पाइप हलवत राहिला. आईनं मला बाजूला सारलं.

"बाबा, हे कुणाच्या घरचं हाय?"

तो चपापला. एवढ्या भांडणांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. "गणपतीच्या मंदिरामागची गल्ली हाय ना मावशी, तिथलं. आज त्या गल्लीतल्या तीन-चार टाक्या उपसल्या."

ती गल्ली आम्हाला चांगली ठाऊक होती. ताईची वरात त्याच गल्लीत उतरली होती.

दुसऱ्या दिवशी आई हळद-कुंकवाचा करंडा घेऊन वसाहतीत गेली. विहीणबाईंच्या दारात, मग डावीकडच्या, उजवीकडच्या, सगळ्या गल्लीत. प्रत्येकीच्या कपाळाला बोट लावून एकच वाक्य, "लेकीचं पाणी पुजायचं हाय, यायला लागतंय." अशा आमंत्रणाला नाही म्हणत नाहीत. विहीणबाई तर खूशच झाल्या. त्यांना वाटलं, आली एकदाची ताळ्यावर.

ठरल्या दिवशी गल्लीतल्या बायका दोन रिक्षा भरून आल्या. जरीच्या साड्या, गजरे, नातीसाठी चांदीचे वाळे. बांध चढतानाच ताईच्या सासूचे टोमणे सुरू.

"एवढ्या उन्हाचं बोलावलंय विहीणबाईंनी, चहाची तरी सोय हाय का?"

"हाय ना. आधी पाणी घ्या, मग चहा."

सगळ्या दगडांपाशी आल्या आणि एकेकीचा पदर नाकावर गेला. आई वाकली, काळी साय बाजूला सारली, कळशी भरली आणि विहीणबाईंपुढं धरली. "घ्या. डोळ्याला लावा. पहिला मान सासूचा."

विहीणबाई दोन पावलं मागं सरल्या. पोर रडायला लागलं.

"विहीणबाई, ही थट्टा हाय का?"

"थट्टा नाय. पाणी तुमच्याच गल्लीतलं हाय. टँकरवाल्याला विचारून आले मी. तुम्ही धाडता अन् आम्ही पितो. आज म्हनलं, आहेर परत करावा."

मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या. असा शांत जमाव पाहिला नाही. एकजण पुटपुटली, "आम्हाला काय माहीत तो कुठं टाकतो ते." आई म्हणाली, "व्हय. इचारलंच नाय कधी, तर माहीत कसं होईल?" विहीणबाईंचा चेहरा लालभडक झाला. त्यांनी वाळे ताईच्या हातात कोंबले आणि चहा न घेता तरातरा बांध उतरल्या. मागं सगळ्या जरीच्या साड्या.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण ताई आईपुढं येऊन उभी राहिली. "आई, माझं घर मोडून तलाव भरणार हायेस का?" तिनं विचारलं. याला कुठल्याच पत्रकात उत्तर नव्हतं. आईनं कळशीतलं पाणी तलावात परत ओतलं आणि पोराला घेऊन घरी चालायला लागली.

मग फोन नाही, निरोप नाही. दाजी एकदा येऊन लेकीला बघून गेले, खाली मान घालून. गावात बायका कुजबुजायला लागल्या, की पाण्यापायी पोरगी माहेरी बसली. ताईची भूक गेली. आई पुलाकडच्या वाटेनं जायचीच बंद झाली. मी मात्र रोज जायचे, टँकरचा फोटो काढायला. एवढंच हातात होतं.

आणि एका सकाळी तो टँकर आला. पुलापाशी त्याचा वेग कमी झाला. मी मोबाइल वर धरला. पण टँकर थांबला नाही, सरळ पुढं शहराच्या रस्त्याला लागला. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी आमच्या विहीणबाई बसल्या होत्या. पदर नाकाला, मांडीवर पर्स, नजर समोर. मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. आईला दाखवला तेव्हा तिनं तो बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाली, "बाई मोठी हाय बरं का. मी नसते बसले."

पुढची हकीगत त्या ड्रायव्हर पोरानंच सांगितली. घरची टाकी भरल्यावर विहीणबाईंनी टँकर बोलावला आणि पाइप गुंडाळून होताच दार उघडून केबिनमध्ये चढल्या.

"मावशी, उतरा ना. लोक हसतेत."

"हसू दे. माझ्या घरचं हाय, मी पोचवून येते. चल."

"तिथं लई रांग असती."

"मला काय घाई नाय. डबा आणलाय. तुझाबी आणलाय."

त्या गल्लीतली रीतच झाली ती. ज्याच्या घरची टाकी उपसली, त्याच्या घरचं एक माणूस टँकरमध्ये बसून शुद्धीकरण केंद्रापर्यंत जाणार. पुरुष आधी लाजले. मग एका सुपरवायझर साहेबांना बायकोनं कामाच्या कपड्यांतच केबिनमध्ये चढवलं, तेव्हा सगळ्यांची लाज मोडली. थट्टा चालतेच. नव्या सुनेला म्हणतात, "फिरायला नेलं का गं नवऱ्यानं? टँकरनं जाऊन ये, हवा लई छान हाय." एका गल्लीचं बघून दुसरी, तिसरी. आमच्या बाजूनं गावानं तलावावर पसरलेली जलपर्णी उपसली, हातानं, पूर्ण उन्हाळाभर. माळावरचे धनगर मेंढरं राखता राखता पूल राखायला लागले. टँकर थांबताना दिसला की काठी आडवी. "केबिनमधी कोन हाय? कोनी नाय? मग फिरव माघारी." मी पत्रकं लिहिते, एकजूट, संघर्ष, हे शब्द वापरते. या लोकांनी ते शब्द एकदाही न उच्चारता करून दाखवलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटतो, की लिहिताना राग विसरायला होतो. विसरणार नाही.

फोटो निघाला त्याच्या पुढच्याच आठवड्यात विहीणबाई ताईला न्यायला आल्या. आईसमोर बसल्या, या वेळी चहा घेतला आणि म्हणाल्या, "नातीच्या पुढ्यात माझंच घाण पाणी धरलं तुम्ही. चारचौघींत. लई झोंबलं. तुम्ही बरं केलं नाय, विहीणबाई. पण बरं झालं."

आई म्हणाली, "पूजा राहिली पोरीची."

"राहू द्या. पाणी निवळलं की मीच घेऊन येते दोघींना. तवर घरात पाणी मी भरीन."

आणि बाईनं भरलं. माझी ताई सासरी गेली ती कळशी न उचलता. गल्लीतल्या बायका अजून तिला महाराणी म्हणतात.

पाऊस झाला, तलाव भरला. पुढच्या वसुबारसेला विहीणबाई आल्या, शब्द दिल्याप्रमाणं. पाणी आरशासारखं नव्हतं, खोटं कशाला लिहू. मी बाटलीत भरून तपासायला दिलं होतं. उकळल्याशिवाय पिऊ नका, असंच उत्तर आलं. पण दगडांवरची काळी साय गेली होती आणि खालची रेती दिसत होती. आईनं कळशी पुढं केली. विहीणबाईंनी सगळ्यांआधी ओंजळ भरली, क्षणभर वास घेतला, आणि डोळ्यांना लावली. मग आईनं. पोरगी आता पाय टाकायला लागली होती. कपाळाला बोट लावायची वाट न बघता ती सरळ पाण्यात बसली आणि दोन्ही हातांनी थापट्या मारायला लागली. सगळ्या जरीच्या साड्या भिजल्या. ताईनं कळशी डोक्यावर घेतली.

बांध उतरताना मेंढरांमागची म्हातारी हाका मारत आली. पुलावर टँकर उभा होता. दुसऱ्याच कुठल्यातरी नव्या सोसायटीचा, तिथल्या लोकांना काही ठाऊक नाही. आम्ही पोचेपर्यंत पाइप नाल्यात सुटला होता. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती.

ती जागा तुमची आहे. तुमच्या घराखालची टाकी शेवटची कधी उपसली होती? तो टँकर कुठं गेला? माहीत नसेल, तर तो कुणाच्या तरी सव्वा महिन्याच्या पोरीच्या पाण्यात गेला. पुढच्या वेळी टँकर आला की घरात थांबू नका. केबिनची पायरी उंच असते, कपडे सावरून चढा. दोन डबे घ्या. आणि तो रिकामा होईपर्यंत उतरू नका.