खोली नंबर चौदामधली खुर्ची

माझी वहिनी विधानमंडळात नोकरीला आहे म्हटलं की लोक लगेच सावरून बसतात. मग मी सांगते, अहो, ती मंत्र्यांच्या मागेपुढे नसते, तळमजल्यावर चौदा नंबरच्या खोलीत बसून कागद सांभाळते. की लोक परत सैल!

वरच्या मजल्यावर विधेयकांवर भाषणं होतात, भांडणं होतात, पेपरात फोटो येतात. कायदा झाला की सगळे घरी. पण त्या कायद्याचे बारीकसारीक नियम नंतर खातं बनवतं, आणि खरा त्रास आपल्याला त्या नियमांचाच होतो. ते नियम आणि सोबत खात्याचा अहवाल सभागृहापुढे तीस दिवस ठेवावा लागतो. तेवढ्यात हरकत आली तर समिती चौकशी करते आणि तोवर नियम थांबतो. नाही आली तर पक्का. या तीस दिवसांत त्याची एक प्रत चौदा नंबरमध्ये असते, आणि कुणीही उठून आत जाऊन ती वाचू शकतं. त्यासाठी तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि एक वही. वाचणाऱ्यानं वहीत सही करायची.

अठरा वर्षांत त्या वहीची तीन पानं भरली नव्हती. एक जण म्हणे नुसता पंख्याखाली बसायला आला होता. वहिनीनं त्यालाही अख्खा अहवाल वाचायला लावला, मगच सही घेतली. तरी ही बाई रोज सकाळी ती खुर्ची पुसणार, पाण्याचा तांब्या भरून ठेवणार. खुर्ची उगाच अडून राहते म्हणून वरून दोनदा मागणी आली, तर हिनं दोन्ही वेळा लेखी कळवलं: वाचक उभ्यानं वाचणार नाही.

"आला का गं आज तुझा पाहुणा?" दादा रोज संध्याकाळी विचारायचा.

"येईल," एवढंच.

मी पण हसायचे. हसणं माझ्याच अंगाशी आलं.

माझं पाळणाघर आहे, माझ्याच घरात, दुसऱ्या मजल्यावर. अकरा मुलं. कुणाची आई नर्स, कुणाची बस चालवते, दोघी शिवणाच्या कारखान्यात. एक दिवस खात्याचं पत्र आलं: दुसऱ्या मजल्यापासून वरची सगळी पाळणाघरं धोक्याची, बंद करावीत. नियम सध्या सभागृहापुढे आहे, पक्का झाला की दोन महिन्यांची मुदत. तळमजल्याची जागा मला या जन्मात मिळणार नव्हती. मुलांच्या आयांना तर मी काही दिवस सांगितलंच नाही, धीरच होईना.

रविवारी सकाळी दादाच्या घरी गेले. वहिनी मटार सोलत होती.

"वहिनी, वर कुणाला तरी सांग ना."

"मी वर कुणाला काही सांगत नाही. माझं ते कामच नाही."

"मग मी काय करू?"

"ये वाचायला. सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच. तेवीस दिवस झालेत, सात राहिलेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरच्या माणसाचा संसार उठायची वेळ आलीय आणि ही मला वेळापत्रक सांगते! "तू माणूस आहेस की फाईल?" असं म्हणून मी निघाले ती तिच्याच चपला घालून निघाले. परत द्यायलाही गेले नाही.

पण मंगळवारी गेले. मुलं दुपारी झोपल्यावर शेजारणीला बसवलं आणि चौदा नंबर गाठलं. मला बघून वहिनी उठून उभी राहिली.

"या, बसा. कुठला कागद हवा आपल्याला?"

आपल्याला! घरात मला गधडे म्हणणारी बाई! हसू दाबत मी सांगितलं, पाळणाघरांचा. तिनं फीत सोडून गठ्ठा माझ्यापुढे ठेवला, पाणी ठेवलं, वहीत सही घेतली आणि तिच्या टेबलाशी जाऊन बसली. माझ्या पायातल्या तिच्या चपलांकडे एकदा बघितलं.

चाळीस पानं. दहाव्या पानावर माझे डोळे मिटायला लागले. "वहिनी, थोडक्यात सांग ना गं."

"वाचकाला थोडक्यात सांगायचं नसतं. पाणी आणखी देऊ?"

तांब्या तिच्या डोक्यावर उपडा करावासा वाटला. पण वाचत राहिले, आणि एकतिसाव्या पानावर थांबले. नियम करण्याआधी खात्यानं ज्या चाळीस पाळणाघरांना भेट दिली त्यांची यादी होती. एकोणिसावं माझं. माझी इमारत, माझा मजला. पुढे तारीख, आणि त्यापुढे: 'प्रत्यक्ष पाहणी केली. चालकांशी चर्चा केली. जिन्याला फाटक नाही.'

चर्चा? माझ्याशी? आणि फाटक नाही? सुताराकडून करून घेतलेलं, पिवळ्या रंगाचं, ज्याच्या कडीला अकरा आया रोज शिव्या घालतात ते फाटक नाही?

"वहिनी, हे धडधडीत खोटं आहे!"

"तसं समितीला लिहून देता येतं. कोरा कागद त्या खणात. पेन दोऱ्याला बांधलेलं आहे, ओढू नका."

मी पानभर लिहिलं. तिनं शिक्का मारला, पोच दिली. मग तिनं स्वतःही एका कागदावर चार ओळी लिहिल्या. मला वाटलं, चला, शेवटी पाझर फुटला. कुठलं काय! सुनावणीच्या पत्रावर एरवी हिची सही असते, माझं आलं त्यावर दुसऱ्याच कुणाची. त्या चार ओळींत तिनं सचिवांना कळवलं होतं, की अर्जदार माझी नणंद आहे, ही फाईल माझ्याकडे नको.

मी फोनवर तिला वाट्टेल ते बोलले. हात झटकलेस म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझी सही असती," ती शांतपणे म्हणाली, "तर खात्यानं पहिलं बोट तिच्यावर ठेवलं असतं. फाटक बाजूलाच राहिलं असतं."

मी फोन ठेवला.

सुनावणी गुरुवारी साडेदहाला, आणि नेमकी शेजारीण बाहेरगावी. अकरा मुलं कुणावर टाकू? बुधवारी मी ठरवून टाकलं, नाहीच जायचं, नशिबात असेल ते होईल. गुरुवारी सकाळी आठला दार वाजलं. वहिनी, हातात डबा आणि माझ्या चपला.

"रजा टाकलीय," ती म्हणाली.

अधिवेशन चालू असताना रजा! दादाचं अपेंडिक्स काढलं तेव्हासुद्धा ही कामावर होती. ऑपरेशन डॉक्टर करणार, मी तिथे उभी राहून काय करू, म्हणाली होती.

"आज मी त्या इमारतीत नसलेलीच बरी. तू जा. आणि तिथे तडतड करू नकोस. नुसतं पान एकतीस म्हण."

समितीत सात आमदार. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, पान एकतीस, एकोणिसावी ओळ. अध्यक्षबाईंनी पान काढलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर मागवून बघितलं.

"ही तारीख रविवारची आहे. तुमचं पाळणाघर रविवारी उघडं असतं?"

"नाही बाई."

"मग चर्चा कुणाशी केलीत?" हे खात्याच्या साहेबांना.

साहेबांनी कागद इकडचे तिकडे केले. "बऱ्याच ठिकाणी फोनवरून माहिती घेतली."

"फोनवर जिना दिसतो का हो?"

खोलीत हशा पिकला. समितीनं तिथेच सांगितलं: नियम थांबवा, चाळीसही ठिकाणी पायांनी जा, मग परत या. माझ्या जिवात जीव आला. मी धावतच घरी आले.

वहिनी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून बसली होती. हातात पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल. "नऊ झोपली," ती कुजबुजली. "दोघं अजून ऐकतायत."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. म्हटलं, मी तुला काय काय बोलले गं. "बोललीस खरी," ती म्हणाली. "हळू रड, मुलं उठतील."

चार महिन्यांनी खात्याचा माणूस खरोखर आला. पायऱ्या मोजल्या, फाटक उघडलं आणि कडीत बोट चेंगरून घेतलं. सुधारलेला नियम वाचायला मी चौदा नंबरमध्ये गेले तर खुर्चीवर कुणीतरी बसलेलं! फाटकाची गोष्ट ऐकून आलेल्या दुसऱ्या पाळणाघरवाल्या, एक रिक्षावाला, एक औषधाचा दुकानदार, आपापल्या नियमांसाठी भिंतीशी उभे. वहिनीनं दुसऱ्या खुर्चीसाठी अर्ज केला होता. तिचा चेहरा असा फुललेला मी दादाच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

नियम चांगला होता. दुसरा मजला चालेल, फाटक हवं, आणि मुलांजवळ सतत दोन मोठी माणसं हवीत. वाचून मी आनंदले आणि लगेच विचारात पडले. दुसरं भरवशाचं माणूस आणायचं कुठून?

त्या रविवारी वहिनी घरी आली. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होत होती. पिशवीतून तिनं दोन कागद काढले, अर्ज आणि त्याची प्रत. पाळणाघरात मदतनीस म्हणून नेमणूक मिळण्याबाबत.

"दे इकडे, कुठे सही करू?" मी म्हटलं.

"आधी वाच."

मी जिन्यात बसून वाचला. वय, शिक्षण, नोकरीची वर्षं, सगळं रीतसर. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं: एक दिवस, अकरा मुलं, तक्रार नाही.

मी दोन्ही प्रतींवर सही केली.